एसी कुणाच्या खोलीत?

गुढीपाडवा झाला की आमच्या परभणीत ऊन मी म्हणायला लागतं. सकाळी दहालाच डोळ्यांवर झापड येते, दुपारी बाजारपेठेत अर्धी शटरं ओढलेली असतात आणि पेपर हातात आला की सगळे आधी कृषी विद्यापीठात नोंदवलेला पारा बघतात. ४२, ४३, ४४... 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही कौतुकानं म्हणतो. उन्हाच्या बाबतीत मात्र जर्मनीनं आमच्या नादी लागू नये!

अशा गावात एसी ही पूर्वी बँकेत नाहीतर मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बघायची वस्तू होती. आता ती साध्या नोकरदाराच्या घरातही आली. हप्त्यानं मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे अक्षय्य तृतीयेच्या आसपास घराघरांत एकच चर्चा. कोणत्या कंपनीचा घ्यायचा? किती टनाचा? किती स्टारचा? चर्चा करणारे बहुतेक पुरुष. घरातली बाई चहाचा ट्रे घेऊन येते आणि जाते. या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारतच नाही. एसी बसवायचा कुठे? म्हणजे खरं तर, कुणासाठी?

मैत्रिणींनो, बचत गटाच्या कामामुळे मला भरदुपारी लोकांच्या घरी जावं लागतं. बारा ते पाच या वेळेत घरात कोण असतं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. कर्ता पुरुष ऑफिसात नाहीतर दुकानात. मुलं क्लासला. घरात उरतात त्या सासूबाई, एखादं तान्हं लेकरू, आजारी माणूस आणि या सगळ्यांचं करणारी बाई. आणि नवा एसी कुठं असतो? बेडरूममध्ये. तो सुरू होतो रात्री दहाला. एका घरी मी गेले, तर आजी पुढच्या खोलीत पंख्याखाली पदरानं वारा घेत बसलेल्या. म्हटलं, "आजी, घरात एसी आहे ना?" त्या म्हणाल्या, "हाय की माय. पर ते पोराच्या खोलीत हाय. दिवसा लावलं की बिल येतंय म्हणत्यात."

या उत्तरात आजीची तक्रार नव्हती, ते सहज आलं होतं. मला त्याचंच वाईट वाटलं.

उन्हाचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला तहान लवकर कळत नाही, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी अंगातलं पाणी आणखी कमी होतं. तान्ह्या बाळाला तर सांगताच येत नाही. उष्माघात फक्त शेतात, रस्त्यावर होतो असा आपला समज आहे, पण तो बंद खोलीत, पलंगावर पडल्या पडल्याही होऊ शकतो. अंग तापलंय, माणूस असंबद्ध बोलतोय, ग्लानीत जातोय, असं दिसलं तर वाट बघायची नाही. घाम येत असो वा नसो. ओल्या कपड्यानं अंग पुसायचं, पंख्याखाली घ्यायचं आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की घरात एकच एसी येणार असेल तर तो जोडप्याच्या बेडरूमचा विषय नाही, तो घराचा विषय आहे. ज्या खोलीत दुपारी सगळ्यांना बसता येईल आणि रात्री खाली गाद्या टाकून झोपता येईल, ती खोली निवडा. दार लावता येईल अशी, फार मोठी नसलेली. जिना, देवघर आणि स्वयंपाकघर सगळं एकात उघडलेला हॉल गार करायला जाल, तर बिल तेवढं येईल, गारवा येणार नाही.

"मग स्वयंपाकघरातच बसवू या की, तिथंच तर जीव जातो," असं एक मैत्रीण म्हणाली. तिचं दुखणं खरं आहे, पण उपाय तो नाही. फोडणीची तेलकट वाफ एसीच्या जाळीवर बसते, एक्झॉस्ट फॅन विकतची गार हवा बाहेर फेकतो आणि वाऱ्याच्या झोतानं गॅसची ज्योत हलते. स्वयंपाकघराला उंचावर चांगला एक्झॉस्ट हवा, समोरून हवा आत यायला खिडकी हवी आणि वेळापत्रक बदलायला हवं. भाजी निवडणं, शेंगा सोलणं ही कामं गार खोलीत. पोळ्या, भाकरी सकाळी आठच्या आत. दुपारी दोनला तव्यावरच्या गरम भाकरीचा आग्रह धरणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा स्वतः चुलीपुढं उभं राहून बघावं. आग्रह आपोआप गार होतो!

एसीच्या आधी डोकं वर करून छताकडे बघा. माझं लहानपण माळवदाच्या घरात गेलं. जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारी आत पाऊल टाकलं की डोळ्यांना अंधार आणि अंगाला गारवा. पावसाळ्यात गळायचं, दरवर्षी माती टाकावी लागायची, तेव्हा माळवदाचे गोडवेच गावेत असं नाही. पण ती घरं गेली, स्लॅब आले आणि स्लॅबबरोबर भट्टी आली. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा फिरवतो.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे गच्चीला पांढरा रंग. चुना आणि त्यात चिकटपणासाठी डिंकासारखं काहीतरी मिसळून दोन हात मारले, किंवा बाजारात मिळणारा ऊन परतवणारा रंग लावला, तर खालच्या खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो. अहमदाबादेत २०१० साली उन्हानं मोठा घात केला. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेचा सामना करायचा आराखडा केला आणि छतं पांढरी करण्याच्या कामाला पुढे जोर आला. तिथल्या महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांमधल्या बायकांना सोबत घेऊन पत्र्याच्या घरांवर असे रंग लावले. ज्यांच्या घरी एसी कधीच येणार नाही, त्यांच्यासाठीही हे आहे. आणि ज्यांच्या घरी येणार आहे, त्यांचा एसी यामुळे कमी दमेल. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून ताटी, शेडनेट नाहीतर चटई बांधा. ऊन काचेतून आत आल्यावर पडद्यानं अडवण्यात फार अर्थ नसतो.

आता कूलरचं बघू. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा ठणठणीत कोरडी असते, म्हणून कूलर उत्तम चालतो. माठात पाणी गार होतं तेच तत्त्व. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते. २०० वॅटचा कूलर दहा तास चालला तरी दोन युनिट वीज लागते. कूलरला खिडकी उघडी लागते, समोरून हवा बाहेर जायला वाट लागते. खोली बंद करून कूलर लावला की अंग चिकचिकतं. आणि जूनमध्ये आभाळ भरून आलं की कूलर निरुपयोगी होतो, कारण हवेतच पाणी असतं.

पण कूलर पाणी पितो. दिवसाला पन्नास-साठ लिटर सहज. नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरात हा हिशेब बाईच्याच कमरेवर येतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसं वर्ष आलं तर कूलरमध्ये पाणी ओतायला हात धजावत नाही. शिवाय साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, वाळवायलाच हवी.

कूलरचा सगळ्यात मोठा धोका विजेचा. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याची बातमी उन्हाळ्यात येतेच, आणि पाणी भरणारी बहुधा बाई नाहीतर लेकरू असतं. ओले हात, अनवाणी पाय, खाली ओली फरशी. तेव्हा नियम एकच. बटण बंद करून, प्लग काढूनच पाणी भरायचं. मुलांना हे काम सांगायचं नाही.

एवढं सगळं करूनही ज्या घरात म्हातारं माणूस आहे, पाण्याची टंचाई आहे किंवा जूनचा दमट उकाडा सोसत नाही, तिथं एसी ही चैन राहत नाही. तर तो घेताना काय बघायचं?

पहिलं, टन. आमच्या शेजारच्या काकूंनी 'दीड टनाचा एसी' ऐकल्यावर घाबरून विचारलं होतं, "बाई, स्लॅब पेलंल का?" टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांच्या जमान्यातलं हे माप अजून टिकून आहे. साधारण १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन, १५० ते १८० ला दीड टन. खोली वरच्या मजल्यावर, उघड्या स्लॅबखाली असेल तर आमच्या भागात एक माप वरचं घ्यावं. पण उगाच दोन टनाचा आणून दहा बाय दहाच्या खोलीत लावू नये. तो खोली पटकन गार करून थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि दमटपणा तसाच राहतो.

दुसरं, आपलं ऊन. एसीची क्षमता साधारणपणे बाहेर ३५ अंश तापमान आहे असं धरून मोजलेली असते. परभणीत मे महिन्यात ३५ अंश म्हणजे जवळजवळ गारवाच! बाहेर ४३-४४ असताना तोच एसी कमी गार करतो आणि वीज जास्त खातो. म्हणून दुकानदाराला विचारायचं, की ४६ अंशांला याची क्षमता किती राहते? जास्त उष्ण प्रदेशासाठीची चाचणी ४६ अंशांवर होते, तिला टी-३ म्हणतात. '५० अंशांतही चालतो' या जाहिरातीवर जाऊ नका. चालणं वेगळं, गार करणं वेगळं.

तिसरं, स्टार. २०१० पासून खोलीच्या एसीवर बीईईचं लेबल सक्तीचं आहे. नुसते तारे मोजू नका, लेबलवरचं वर्ष बघा. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या सालचे पाच तारे आज तेवढे उरत नाहीत. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांचे धरलेले असतात. समजा ९६० युनिट लिहिलंय, तर भागिले १६००, म्हणजे तासाला ०.६ युनिट. हा भागाकार दुकानातच करा, दुकानदार लगेच नीट बोलायला लागतो.

याच हिशेबानं दुपारी पाच आणि रात्री चार तास एसी चालवला, तर महिन्याला सुमारे १६० युनिट. आमच्या उन्हात दोनशे धरा. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला दराचे टप्पे बदलतात. घरात आधीच १८० युनिट लागत असतील, तर एसीमुळे तुम्ही तीनशेच्या वर जाणार. मात्र महाग दर फक्त तीनशेच्या वरच्या युनिटना लागतो, सगळ्या बिलाला नाही. 'दिवसा लावलं की बिल येतंय' म्हणणाऱ्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. म्हातारीच्या दुपारचे पाच तास म्हणजे महिन्याचे शंभराच्या आसपास युनिट. घरातले बाकीचे खर्च आठवा आणि मग ठरवा, हे महाग आहे का.

बचत करायचीच असेल तर रिमोटवर करा. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं तापमान सुरू होताना २४ वर ठेवलेलं असतं, ते १८ वर खेचायची गरज नाही. एकेका अंशानं वर नेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं बीईई सांगते. २६ वर एसी आणि मंद पंखा, बाहेर ४३ असताना हा स्वर्गच आहे.

ज्यांची गच्ची मोकळी आहे त्यांनी सौर पॅनलचाही विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान ठरलं. दुपारचं ऊन आणि दुपारचा एसी यांचं गणित छान जमतं. फक्त एक लक्षात असू द्या. बॅटरी नसलेली साधी सौर यंत्रणा वीज गेली की बंद पडते.

आता बसवण्याचं. आधी इलेक्ट्रिशियन, मग एसी. जुन्या घरातली पंख्या-दिव्याची वायर एसीचा भार पेलत नाही. मीटरपासून वेगळी जाड वायर, शक्यतो ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, वेगळा एमसीबी, आणि शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून मागा. अर्थिंग तपासा. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. कूलर, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांनाच ते तारतं. दाब वरखाली होणाऱ्या गल्लीत स्टॅबिलायझर लागतोच.

बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात, बंद बोळात किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नको. गरम हवा तिकडे गेली की भांडण ठरलेलं. वर सावली असावी, चारी बाजूंनी हवा खेळावी, आणि मेकॅनिकला जीव धोक्यात न घालता तिथं उभं राहता यावं. तोही कुणाचा तरी लेक असतो. आतल्या युनिटचा झोत थेट पलंगावर येणार नाही अशी भिंत निवडा. पाण्याच्या नळीला उतार हवा.

'फ्री इन्स्टॉलेशन' या शब्दात लोखंडी स्टँड, जास्तीचा तांब्याचा पाइप, वायर असं बरंच काही बसत नाही. ते आधी लिहून घ्या. आणि पाइप जोडल्यावर मेकॅनिक व्हॅक्युम पंप लावतो की नाही, हे समोर उभं राहून बघा. पाइपातली हवा आणि ओल पंपानं काढावी लागते. घाईत काही जण थोडा गॅस सोडून काम उरकतात. त्यानं यंत्राचं आयुष्य घटतं, आणि हल्लीचे काही गॅस पेट घेणारेही असतात. एप्रिल-मेमध्ये मेकॅनिकला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून शक्य असेल तर खरेदी फेब्रुवारीत करा. नंतर दर पंधरा दिवसांनी आतल्या जाळ्या धुवायच्या. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहीत आहेच.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि ते नेमकं मे महिन्यात आलं, तर आपल्याकडे बाळंतिणीला कोंदट खोलीत, खिडक्या लावून, वरून शेगडीचा शेक देतात. बाहेर ४३ अंश असताना! बंद खोलीत पेटत्या कोळशाचा धूर, आणि धूर नसला तरी त्यातून निघणारा विषारी वायू, माय-लेकरांचा घात करू शकतो. एसीची बंद खोली आणि शेगडी हे तर कदापि एकत्र नको. 'बाळंतिणीला वारा लागंल' ही भीती मी आज्यांच्या तोंडून कितीदा ऐकलीय. त्यांना हसू नका. एसी २६ ते २८ वर ठेवा, झोत दुसरीकडे वळवा, बाळाला सुती अंगडं आणि पातळ पांघरूण घाला, हातपाय कोमट आहेत ना ते बघा आणि डॉक्टरांच्या तोंडून आजीला सांगायला लावा. डॉक्टरांचं त्या ऐकतात.

आणि हो, भांडी घासायला येणाऱ्या मावशीचं घर पत्र्याचं असतं. दुपारी बाराला ती उन्हातून आली की आधी गार खोलीत दहा मिनिटं बसू द्या, माठातलं पाणी द्या. एवढ्यानं आपल्या बिलात काही फरक पडत नाही.

मैत्रिणींनो, एसी घ्यायला दुकानात तुम्ही स्वतः जा. 'मला त्यातलं काय कळतं' असं म्हणू नका. कोणती भिंत किती वाजता तापते, नळाला पाणी कधी येतं, सासूबाई दुपारी कुठं टेकतात, लेकरू कोणत्या कोपऱ्यात शांत झोपतं, हे सगळं घरात तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. टन आणि स्टार दुकानदार सांगेल. घर कुठं तापतं, ते तुम्हीच सांगायला हवं.